दख्खनच्या गोष्टींचे पुस्तक

गोष्ट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. सोन्यानाण्यासारखी ती पेटीत कुलूपबंद करून जपता येत नाही. ती जितकी वाटावी तितकी वाढते, आणि मनात दडवून ठेवली तर हळूहळू विरून जाते. आजीने सांगावी, नातवंडांनी ऐकावी. त्या नातवंडांनी म्हातारपणी पुन्हा आपल्या नातवंडांना सांगावी, अशा रीतीने शेकडो वर्षे गोष्टींचा प्रवास चालत आला आहे. परंतु मध्येच एखाद्या पिढीने सांगणे सोडले किंवा ऐकणे सोडले, तर तो प्रवास तेथेच संपतो. विशेष हे की, आपण काय गमावले याची कोणाला दादही नसते.

अशाच काही गोष्टी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दोन स्त्रियांच्या परिश्रमामुळे कागदावर उतरल्या आणि टिकून राहिल्या. त्यांपैकी एक होती विशीतली इंग्रज तरुणी आणि दुसऱ्या होत्या तिच्याकडे आयाचे काम करणाऱ्या, गोव्याकडच्या एक प्रौढ बाई. दोघींचा धर्म एकच, ख्रिस्ती. बाकी सर्व बाबतींत मात्र दोघींमध्ये जमीनअस्मानाचे अंतर होते. एक मुंबईच्या गव्हर्नरची कन्या, तर दुसरी पोटासाठी परक्याच्या घरी राबणारी विधवा. या दोघींना गोष्टींनी एकत्र आणले. त्या तरुणीचे नाव मेरी फ्रिअर आणि त्या बाईंचे नाव ॲना लिबराटा डिसूझा.

मेरीचा जन्म ११ ऑगस्ट १८४५ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात झाला. पाच भावंडांत ती सर्वांत थोरली. तिचे वडील बार्टल फ्रिअर हे हिंदुस्थानातील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. साताऱ्यास ते काही काळ रेसिडेंट होते व पुढे सिंध प्रांताचा कारभारही त्यांनी पाहिला. इ. स. १८६२ मध्ये त्यांची मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. शिक्षण आटोपल्यावर मेरीही त्यांच्याकडे मुंबईस आली. पुढे तिची आई काही दिवसांसाठी इंग्लंडला गेली, तेव्हा गव्हर्नरच्या घरची सर्व व्यवस्था पाहण्याचे काम या तरुण मुलीवर येऊन पडले.

इ. स. १८६५ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेब सरकारी दौऱ्यावर दक्षिण महाराष्ट्राकडे निघाले. त्या काळी असा दौरा म्हणजे एक फिरते गावच असे. आज येथे तंबू ठोकावेत, उद्या ते उचलून पुढच्या मुक्कामी न्यावेत, असा क्रम चाले. वडिलांच्या सोबतीला मेरीही निघाली. गव्हर्नरसाहेब दिवसभर कामकाजात गुंतलेले असत. साऱ्या छावणीत मेरीखेरीज दुसरी इंग्रज स्त्री नव्हती. बोलायला सोबत म्हणून तिच्याजवळ होत्या त्या तिच्या आया, ॲनाबाई.

एके दिवशी वेळ जाता जाईना, तेव्हा मेरीने ॲनाबाईंना एखादी गोष्ट सांगण्याची विनंती केली. ॲनाबाईंनी ती साफ नाकारली. आपल्याला गोष्ट सांगता येणे शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मेरीने मात्र हट्ट सोडला नाही. घरी मुले आहेत, नातवंडे आहेत. त्यांची करमणूक करण्यासाठी कधीतरी गोष्ट सांगावी लागतच असेल, असे तिने सुचवले. तेव्हा ॲनाबाईंनी थोडे आठवून पाहिले आणि लहानपणी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट सांगावयास प्रारंभ केला. ती होती पंचकिन नावाच्या जादूगाराची गोष्ट. या दुष्ट जादूगाराला कोणीच मारू शकत नव्हते. कारण त्याचा प्राण त्याच्या देहात नव्हताच. तो दूर एका अरण्यात, पाण्याने भरलेल्या सहा घागरींच्या खाली ठेवलेल्या पिंजऱ्यातील एका हिरव्या पोपटात होता!

पोपटात प्राण ठेवणाऱ्या राक्षसाची गोष्ट मराठी मुलांच्या चांगल्या परिचयाची आहे. मेरीला मात्र ती अगदी नवीन होती. ती ऐकून ती चकित झाली आणि तिने दुसरी गोष्ट मागितली. मग तिसरी, मग चौथी. एकदा आठवणींची कवाडे उघडल्यावर ॲनाबाईंनाही एकामागून एक गोष्टी आठवू लागल्या.

या गोष्टी ॲनाबाईंना कोठून मिळाल्या, हे समजण्यासाठी त्यांच्या घराण्याचा वृत्तान्त पाहिला पाहिजे. त्यांचे पूर्वज लिंगायत असून ते कालिकतला राहत असत. पुढे ते कुटुंब गोव्याजवळ येऊन स्थायिक झाले. तेथे ॲनाबाईंच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे आजोबांचे वडील अतिशय रागावले आणि त्यांनी मुलाला घराबाहेर काढले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. इंग्रजांचे टिपू सुलतानाशी युद्ध झाले, तेव्हा आजीही पतीबरोबर फौजेच्या मागोमाग हिंडली. ती उंच, देखणी आणि धिप्पाड बांध्याची होती. धर्म बदलला, गाव बदलले, देशोदेशीची धूळ पायांना लागली. पण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी तिने टाकल्या नाहीत. त्याच गोष्टी तिने आपल्या नातवंडांना सांगितल्या.

ॲनाबाईंचे बालपण सुखात गेले. परंतु पुढील आयुष्य कष्टाचे झाले. पती वारल्यावर मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांसाठी त्यांनी आयाची नोकरी धरली. नोकरी करता करता त्या इंग्रजी बोलावयास शिकल्या. त्यांचा हुशार मुलगा पुण्याच्या नदीत बुडून मरण पावला. त्या दुःखाने त्यांचे मन पार खचून गेले होते. मेरीला गोष्टी सांगणाऱ्या ॲनाबाई या अशा होत्या. त्यांच्या तोंडच्या राजाराणीच्या कथा हसऱ्या असल्या, तरी सांगणारीच्या अंतःकरणात फार मोठी जखम होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ॲनाबाईंना छापील पुस्तकांतील गोष्टींचा मोठा राग असे. एखादा भाग आठवेनासा झाला, म्हणजे त्या कोणाला तरी विचारीत. तो माणूस आपल्याजवळचे पुस्तक काढून त्यातील गोष्ट वाचून दाखवी. परंतु ती ऐकताच ॲनाबाई चिडून पुस्तक मिटावयास लावीत. पुस्तकवाले गोष्ट तोडून आखूड करतात, तिच्यातील सर्वांत गोड भाग गाळतात आणि एका गोष्टीचा आरंभ दुसरीच्या शेवटाला जोडतात, अशी त्यांची तक्रार होती. आजीची गोष्ट जशी होती तशीच राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

मेरीने हा आग्रह मनापासून मानला. प्रारंभी तिचा हेतू साधा होता. आपल्या एका लाडक्या छोट्या स्नेह्याच्या करमणुकीसाठी या गोष्टी लिहून पाठवाव्यात, एवढेच तिच्या मनात होते. परंतु जसजशा गोष्टी वाढत गेल्या, तसतसे तिला उमगले की, आपल्या हाती आलेला हा ठेवा केवळ करमणुकीचा नाही. या गोष्टी आतापर्यंत फक्त तोंडातून कानाकडे जात आल्या आहेत; सांगणारे माणूस गेले की त्याही जाणार. म्हणून त्या नीट लिहून ठेवण्याचे तिने ठरवले.

तिची काम करण्याची रीत आजच्या अभ्यासकानेही गिरवावी अशी होती. ॲनाबाई गोष्ट सांगू लागल्या की, मेरी त्यातील मुद्दे टिपून घेई. मग त्या टिपणांवरून ती सबंध गोष्ट सवडीने लिहून काढी. पण एवढ्यावर तिचे काम संपत नसे. लिहिलेली गोष्ट घेऊन ती पुन्हा ॲनाबाईंपुढे बसे व ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवी. प्रत्येक तपशील बरोबर उतरला आहे ना, याची खात्री करून घेणे हा त्यामागील उद्देश असे. लिहिणारी गव्हर्नरची मुलगी होती आणि ऐकणारी तिची नोकर होती. तरीही गोष्टीपुरता शेवटचा अधिकार ॲनाबाईंचा होता. ज्यांनी इतर पुस्तके मिटावयास लावली, त्यांच्याच संमतीने हे पुस्तक घडत गेले.

इ. स. १८६७ मध्ये बार्टल फ्रिअर यांची गव्हर्नरपदाची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६८ मध्ये, लंडन येथील जॉन मरे या प्रकाशकांनी मेरीचे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘ओल्ड डेक्कन डेज’, म्हणजे ‘दख्खनचे जुने दिवस’, असे त्याचे नाव होते. त्यात २४ गोष्टी होत्या. प्रस्तावना व टिपा वडिलांनी लिहिल्या होत्या आणि चित्रे मेरीच्या बहिणीने, कॅथरिनने, काढली होती. त्या वेळी मेरीने वयाची पंचविशीही गाठली नव्हती. हिंदुस्थानातील लोकांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलेल्या कथांचा इंग्रजी भाषेतील पहिला संग्रह म्हणून आज हे पुस्तक ओळखले जाते.

मेरीने आणखी एक चांगली गोष्ट केली. त्या काळी लोककथा छापणारे लेखक सांगणाऱ्याचे नाव क्वचितच देत. एखाद्या म्हातारीकडून अथवा नोकराकडून गोष्ट ऐकली, एवढे म्हटले म्हणजे झाले, अशी समजूत होती. मेरीने तसे केले नाही. ॲनाबाईंनी वेळोवेळी सांगितलेली स्वतःची हकिकत तिने एकत्र जुळवली आणि शक्य तेथे त्यांच्याच बोलण्याच्या धाटणीत पुस्तकाच्या आरंभी छापली. म्हणूनच त्यांच्या आजीचा, आजोबांचा आणि बुडालेल्या मुलाचा वृत्तान्त आज आपल्याला कळू शकतो.

पुस्तकाचे पान उलटताना मराठी वाचकाला आपलीच माणसे भेटल्यासारखे वाटते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ‘सेवन्टी बाई’ ही आपली शेवंतीबाई आहे, हे ओळखावयास वेळ लागत नाही. मुसळधार पावसाच्या रात्री वाघालाच आपले गाढव समजून त्यावर स्वार होणारा कुंभार तेथे आहे. आपमतलबी चिमणी आणि घर नसलेले कावळे तेथे आहेत. पिंजऱ्यातील वाघाला सोडवणारा भोळा ब्राह्मण आणि त्याला वाचवणारा चतुर कोल्हाही तेथे आहे.

सूर्य, चंद्र आणि वारा यांची गोष्ट तर फारच गोड आहे. ही तिन्ही भावंडे मेघगर्जना व वीज या नातलगांकडे जेवावयास गेली. त्यांची आई, दूरची एक चांदणी, घरी वाट पाहत बसली होती. सूर्य आणि वारा यांनी यथेच्छ भोजन केले. परंतु आईची आठवण काही ठेवली नाही. चंद्राने मात्र प्रत्येक पक्वान्नातील थोडा थोडा घास आपल्या लांब नखांखाली लपवून आईसाठी आणला. तेव्हापासून सूर्याचा ताप लोकांना नकोसा होतो, उन्हाळ्यातील वारा अंग भाजून काढतो आणि चंद्राचे चांदणे मात्र सर्वांना शीतल व हवेहवेसे वाटते.

या कथा लिहिताना मेरीच्या लक्षात एक नवल आले. त्यांतील कित्येक प्रसंग युरोपातील परीकथांशी जुळत होते. सूर्याबाईच्या हातात राक्षसाचे तुटलेले नख रुतते व ती मेल्यासारखी पडते. एक राजा ते नख काढतो तेव्हा ती जागी होते. हे वाचताना युरोपातील निद्रिस्त राजकन्येची आठवण होते. सोदेवाबाईचा सोन्याचा जोडा हरवतो व तो एका राजपुत्राच्या हाती लागतो, तेव्हा सिंड्रेला डोळ्यांपुढे उभी राहते. पंचकिनसारखा, आपले हृदय दूर लपवून ठेवणारा राक्षस नॉर्वेच्या लोककथेतही आहे. हजारो मैलांचे अंतर असूनही या कथा एकमेकींच्या बहिणी कशा झाल्या? हा प्रश्न त्या काळच्या पंडितांना फार महत्त्वाचा वाटत होता आणि मेरीच्या पुस्तकाने त्यांना विचार करावयास नवे साहित्य दिले.

वाचकांनी पुस्तकाचे चांगले स्वागत केले. १८७० मध्ये दुसरी आणि १८८१ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. मेरीने पाडलेल्या वाटेने पुढे इतरही जाऊ लागले. १८८० मध्ये मेव स्टोक्स या मुलीने, आपल्या घरच्या आयांकडून व नोकराकडून ऐकलेल्या कथांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. १८९२ मध्ये जोसेफ जेकब्स यांनी भारतीय परीकथांचे एक पुस्तक तयार केले; त्यात त्यांनी पंचकिनची आणि सूर्य, चंद्र व वारा यांची गोष्ट मेरीच्या संग्रहातूनच घेतली. त्या पुस्तकाद्वारे ॲनाबाईंच्या आजीच्या गोष्टी कितीतरी दूरच्या मुलांपर्यंत पोहोचल्या.

पुढील आयुष्यात मेरीने बायबलाच्या अध्ययनात मन गुंतवले. त्यासाठी ती हिब्रू भाषा शिकली आणि उतारवयात येशू ख्रिस्ताच्या भूमीचा प्रवासही करून आली. तिने जमवलेले हिब्रू ग्रंथ केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात आहेत. इ. स. १९११ मध्ये तिचे निधन झाले. स्वतःच्या धर्मावर अशी निष्ठा असणाऱ्या या स्त्रीने दुसऱ्यांच्या देवादिकांच्या व राजाराणींच्या कथा तितक्याच आदराने लिहिल्या होत्या. ॲनाबाईंचेही तसेच होते. आजोबांनी धर्म बदलला म्हणून आजीच्या गोष्टी परक्या झाल्या, असे त्यांना कधी वाटले नाही.

ॲनाबाई १८८७ मध्ये पुण्याजवळील गणेशखिंड येथे, गव्हर्नरच्या निवासस्थानी मरण पावल्या. ज्या विस्तीर्ण वास्तूच्या आवारात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तेथे आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. रोज हजारो विद्यार्थी तेथून ये-जा करतात.

या कहाणीतील एक उणीवही सांगितली पाहिजे. ॲनाबाईंची हकिकत पुस्तकात आली, तरी लेखिका म्हणून मुखपृष्ठावर नाव झळकले ते एकट्या मेरीचे. पुढील कित्येक वर्षे लोक या गोष्टींना ‘मेरी फ्रिअरच्या गोष्टी’ असेच म्हणत राहिले. या कथांवर इंग्रजी भाषेचा साज मेरीने चढवला, हे खरे. परंतु मूळ दागिना ॲनाबाईंचा होता. २००२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अभ्यासक किरिन नारायण यांनी हे पुस्तक नव्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले आणि ॲनाबाईंच्या वाट्याचे श्रेय वाचकांपुढे स्पष्टपणे मांडले.

लेखक होण्यासाठी लेखणी चालवता यावी लागते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु मेरी फ्रिअरला लेखिका केले ते प्रथम तिच्या कानांनी. समोरचे माणूस आपल्यापेक्षा गरीब आहे, कमी शिकलेले आहे, आपल्या चाकरीत आहे, असे मनात न आणता तिने त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले. लिहिलेले पुन्हा वाचून दाखवले आणि चूक असेल तेथे ती सुधारली. एका आजीने आपल्या नातीला दिलेले धन असे सुखरूप पुढे गेले. आजही घरोघरी असे कितीतरी धन कोणाच्या तरी ओठांवर आहे. ते मागणाऱ्याची आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्याची तेवढी उणीव आहे.

स्वाध्याय

१. गोष्ट कशामुळे टिकते व कशामुळे नाहीशी होते?

२. ॲनाबाईंना छापील पुस्तकांतील गोष्टींचा राग का येत असे?

३. मेरीची गोष्टी लिहून घेण्याची रीत तुमच्या शब्दांत क्रमाने सांगा.

४. ‘गोष्टीपुरता शेवटचा अधिकार ॲनाबाईंचा होता.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. ‘जमीनअस्मानाचे अंतर असणे’, ‘वेळ जाता न जाणे’, ‘मन खचणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक जुनी गोष्ट ऐका. ती वहीत लिहा. मग त्यांना ती वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करा. गोष्टीच्या खाली, ती सांगणाऱ्याचे नाव लिहावयास विसरू नका.